तुटलेला पुर्जा काय सांगतो?

घरातील नळ, सायकल, शिवणयंत्र यांचा एखादा भाग अचानक तुटतो. आपण तो फेकून देतो आणि नवा आणून बसवतो. तुटलेल्या भागाकडे नीट पाहिले, तर तो का तुटला हे कळू शकते. हे कारण कसे शोधावे आणि ते शोधणे का महत्त्वाचे आहे, हे या पाठात सांगितले आहे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या घरी नळ आहे. घरी किंवा शेजारी सायकल आहे. कोणाच्या घरी शिवणयंत्र असेल. तुम्ही भिवंडीचे किंवा मालेगावचे असाल, तर यंत्रमागाचा खडखडाट तुमच्या ओळखीचा असेल. ही सगळी यंत्रे लहानमोठ्या भागांची बनलेली असतात. या भागांना पुर्जे म्हणतात. हा शब्द तुम्हांला नवीन नाही. तो उर्दूतही आहे आणि मराठीतही आहे.

यंत्र चालते आहे, तोपर्यंत पुर्ज्याकडे कोणी पाहत नाही. मग एके दिवशी तो तुटतो. तुटला की घरात दोन प्रश्न विचारले जातात. पहिला प्रश्न, “कोणी तोडला?” दुसरा प्रश्न, “नवा कितीला मिळेल?” तिसरा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. तो प्रश्न म्हणजे, “का तुटला?” आज आपण हा तिसरा प्रश्न विचारायला शिकणार आहोत.

पुन्हा पुन्हा तुटणारा नट

हात धुण्याच्या बेसिनखाली वाकून पाहा. भिंतीपासून वरच्या नळापर्यंत एक बारीक, लवचीक नळी गेलेली दिसेल. तिच्या दोन्ही टोकांना नट असतात. पुष्कळ ठिकाणी हे नट प्लॅस्टिकचे असतात.

समजा, एका रात्री यांपैकी एक नट तडकला. सकाळी उठून पाहतो, तर घरभर पाणी! अब्बा बाजारातून नवी नळी आणतात. “आता ही हलता कामा नये,” असे म्हणून ते पान्याने नट चांगला आवळतात. काही महिने जातात. तो नटही तडकतो. पुन्हा नवी नळी येते. या वेळी नट आणखी जोराने आवळला जातो. तो तर आधीच्यापेक्षाही लवकर तडकतो! मग दुकानदाराला बोल लावले जातात. “माल हलका आहे,” असे सगळे म्हणतात.

आता आपण तो तुटलेला नट हातात घेऊन पाहू. नटाच्या आत गोल गोल फिरत गेलेल्या खाचा असतात. त्यांना आटे म्हणतात. तडा नेमका एका आट्याच्या तळाशी पडलेला दिसतो. तेथेच का बरे?

कापडाच्या दुकानात तुम्ही एक गोष्ट पाहिली असेल. दुकानदार कापडाच्या काठाला कात्रीने लहानशी चीर देतो. मग दोन्ही हातांनी ओढतो. कापड त्या चिरेपासून सरसर फाटत जाते. चीर नसती, तर तेवढ्याच जोराने ते फाटले नसते. चिरेच्या टोकाशी सगळा जोर एकवटतो. आट्याची खाच म्हणजे अशीच एक चीर आहे. नट फार आवळला, की तो दिवसरात्र ताणलेला राहतो. प्लॅस्टिक हळूहळू ताण सोसत जाते. मग खाचेच्या तळाशी बारीक भेग पडते. ती रोज थोडी थोडी वाढते आणि एके दिवशी नट तडकतो.

म्हणजे येथे चूक मालाची असेलच असे नाही. चूक जास्त जोर लावण्याची आहे. पाणी अडवण्याचे काम पान्याच्या जोराचे नसते. ते काम आत बसवलेल्या रबरी वायसरचे असते. अशा ठिकाणी नट हाताने घट्ट बसवावा आणि गरज पडली, तर पान्याने अगदी थोडा फिरवावा. एवढे पुरते. कारण कळले नसते, तर अब्बांनी चौथी नळी आणली असती आणि तीही जोराने आवळली असती.

खडूचे दोन प्रयोग

तुटलेली जागा आपल्याशी बोलते. तिची भाषा शिकण्यासाठी फार मोठी उपकरणे लागत नाहीत. वर्गातला खडू पुरतो.

खडूचे दोन लांब तुकडे घ्या. पहिला तुकडा दोन्ही हातांनी धरा आणि काडीसारखा वाकवा. तो काडकन मोडेल. मोडलेली जागा जवळजवळ सरळ आडवी असेल. आता दुसरा तुकडा दोन्ही टोकांना धरा. ओले कापड पिळतो, तसा तो पिळा. मात्र वाकू देऊ नका. तोही मोडेल. पण या वेळी मोडलेली जागा तिरपी असेल. ती गोल जिन्यासारखी वळत गेलेली दिसेल.

हे दोन्ही तुकडे आता तुमच्या मित्राला दाखवा. त्याने तुम्हांला खडू मोडताना पाहिलेले नाही. तरीही कोणता खडू वाकवून मोडला आणि कोणता पिळून मोडला, हे तो बरोबर सांगू शकेल. आहे की नाही गंमत? घटना घडून गेली, पण तिची खूण मागे राहिली.

खडू ठिसूळ असतो. बिडाचे लोखंडही ठिसूळ असते. असे पदार्थ न वाकता, न लांबता मोडतात. तांब्याची मऊ तार मात्र वेगळी वागते. तिला खूप जोराने ओढले, तर ती आधी लांबते, मग एका जागी बारीक होते आणि मग तुटते. म्हणून मऊ धातूच्या पुर्ज्याचे तुटलेले टोक ताणलेले आणि निमुळते दिसले, तर समजावे की, त्याच्यावर एकाएकी फार मोठा जोर पडला होता.

धातूही थकतो

आता तारेचा एक प्रयोग करू. बारीक, मऊ लोखंडी तारेचा तुकडा घ्या. तो हाताने ओढून तोडण्याचा प्रयत्न करा. तो तुटणार नाही. आता तीच तार एका जागी धरून इकडून तिकडे, तिकडून इकडे वाकवत राहा. किती वेळा वाकवली ते मोजा. थोड्याच वेळात तार तुटेल. तुटलेल्या टोकाला लगेच हात लावू नका. ते गरम झालेले असते आणि टोचूही शकते.

यावरून काय कळते? जो जोर एकदा लावून तार तुटत नाही, तोच जोर पुन्हा पुन्हा लावला की ती तुटते. याला धातूचा थकवा म्हणतात. माणूस थकला, तर झोप घेऊन ताजातवाना होतो. धातूचे तसे नाही. त्याला विश्रांती दिली, तरी त्याच्यात पडलेली भेग आपोआप भरून येत नाही. दुसऱ्या दिवशी काम सुरू झाले, की ती जेथे थांबली होती तेथून पुढे वाढू लागते.

सायकलचेच उदाहरण घ्या. पायडलवर आपण पाय दाबतो. चाक फिरते. पाय पुन्हा दाबला जातो. शाळेत जाता-येता असे शेकडो वेळा घडते. समजा, पायडल ज्या दांड्यावर बसते, त्या दांड्याच्या एका खाचेत बारीक भेग पडली. प्रत्येक दाबाबरोबर ती किंचित वाढते. बाहेरून काही दिसत नाही. शेवटी दांड्याचा इतका थोडा भाग उरतो, की साध्या वजनानेही तो मोडतो.

अशा मोडलेल्या दांड्याचे तोंड नीट पाहा. त्यावर बहुधा दोन वेगवेगळे भाग दिसतात. एक भाग गुळगुळीत असतो. पुष्कळदा त्यावर शिंपल्यावर असतात तशा वळणदार रेषा दिसतात. दुसरा भाग खडबडीत आणि चकचकीत असतो. गुळगुळीत भाग म्हणजे हळूहळू वाढलेली जुनी भेग. खडबडीत भाग म्हणजे अगदी शेवटच्या क्षणी मोडलेली जागा. शिंपल्यासारख्या रेषा ज्या बिंदूभोवती वळलेल्या असतात, तेथे भेगेचा जन्म झालेला असतो.

मित्रांनो, हे कळणे न्यायाच्या दृष्टीनेही महत्त्वाचे आहे. समजा, पायडल मोडले तेव्हा सायकल तुमची धाकटी बहीण चालवत होती. सगळे तिलाच रागावतात. ती रडत म्हणते, “मी काहीच केले नाही.” कोणी ऐकत नाही. पण मोडलेल्या दांड्याचा अर्ध्याहून अधिक भाग गुळगुळीत आहे आणि त्यावर जुना गंज चढलेला आहे. आत गंज चढला, याचा अर्थ भेग आधीपासूनच उघडी होती. बहीण खरे बोलत होती. तिची साक्ष त्या लोखंडाच्या तुकड्यानेच दिली! कारखान्यातही असेच होते. यंत्र मोडले, की त्या वेळी यंत्रावर असलेल्या कामगारावर आळ येतो. वस्तू शेवटी ज्याच्या हातात असते, तोच नेहमी दोषी असतो असे नाही.

रेल्वेचा मोडलेला आस

धातूच्या थकव्याची ओळख माणसाला सहज झाली नाही. त्यासाठी फार मोठी किंमत मोजावी लागली.

८ मे १८४२ चा दिवस. फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसकडे एक आगगाडी निघाली होती. गाडीला खूप गर्दी होती. वाटेत पुढच्या इंजिनाचा आस मोडला. चाके ज्या दांड्यावर बसवलेली असतात, त्याला आस म्हणतात. मागचे इंजिन आणि डबे एकमेकांवर आदळले. इंजिनातल्या विस्तवाने आग लागली. त्या काळी डब्यांची दारे बाहेरून कुलूप लावून बंद करत असत. त्यामुळे प्रवाशांना बाहेर पडता आले नाही. पन्नासहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली.

एवढा जाड लोखंडी आस मोडला कसा? चांगले लोखंडही वापरता वापरता आतून बदलते आणि ठिसूळ होते, असे तेव्हा पुष्कळांना वाटत असे. विल्यम रँकिन नावाच्या तरुण इंजिनिअरने मोडलेले आस बारकाईने पाहिले. १८४३ साली त्याने आपले मत मांडले. जेथे आसाची जाडी एकदम बदलते आणि धारदार कोपरा तयार होतो, तेथे भेग सुरू होते आणि हळूहळू आत वाढत जाते, असे त्याने दाखवून दिले. तो कोपरा धारदार न ठेवता त्याला गोलाई द्यावी, असे त्याने सुचवले. कापडाची चीर आठवली ना? जोर एकवटायला जागाच ठेवायची नाही, हा त्यातला विचार होता.

पुढे जर्मनीत ऑगस्ट व्होलर या इंजिनिअरने यंत्रे बनवून आसांवर अनेक वर्षे प्रयोग केले. त्याने आस पुन्हा पुन्हा फिरवले आणि वाकवले. कमी जोरही पुष्कळ वेळा लावला, तर आस मोडतो, हे त्याने आकड्यांनी सिद्ध केले. त्याचे हे काम १८७० पर्यंत लोकांसमोर आले. आजही इंजिनिअर त्याचा उपयोग करतात.

तबेल्यातली काडतुसे

आता आपल्या देशातली एक गोष्ट ऐका. इंग्रजांच्या काळात सैन्याची काडतुसे पितळेची असत. पावसाळ्यात सैन्याच्या हालचाली कमी होत. तेव्हा ही काडतुसे घोड्यांच्या तबेल्यांत ठेवून दिली जात. पावसाळा संपल्यावर पाहावे, तो पुष्कळ काडतुसांना तडे गेलेले! त्यांना कोणी हात लावला नव्हता. ती पडली नव्हती. त्यांच्यावर काही आदळले नव्हते. ठरावीक ऋतूत तडे जातात, म्हणून या प्रकाराला ‘ऋतूचे तडे’ अशा अर्थाचे नाव इंग्रजीत पडले.

१९२१ साली मूर, बेकिनसेल आणि मॅलिन्सन या तीन शास्त्रज्ञांनी या कोड्याचा उलगडा केला. घोड्यांच्या मुतापासून अमोनिया वायू तयार होतो. मुतारीत डोळ्यांना झोंबणारा जो वास येतो, तो याच वायूचा. काडतुसे बनवताना पितळेचा पत्रा थंड असतानाच दाबला आणि ओढला जातो. त्यामुळे पितळेच्या आत ताण राहून जातो. हा आतला ताण, पावसाळ्यातील ओलावा आणि तबेल्यातला अमोनिया एकत्र आले, की पितळेला तडे जातात. यांपैकी एक गोष्ट काढून टाकली, तरी काम भागते. म्हणून पितळेच्या अशा वस्तू बनवल्यावर त्या बेताच्या आचेवर तापवतात. त्यामुळे आतला ताण निघून जातो.

ही गोष्ट आपल्या घराशीही जोडलेली आहे. नळ आणि त्याचे जोड पुष्कळदा पितळेचे असतात. जोड फार आवळला, तर पितळेत ताण निर्माण होतो. फरशी किंवा काच पुसण्याच्या काही द्रावणांत अमोनिया असतो. असे द्रावण पितळेवर तसेच राहू देऊ नये. नळ स्वच्छ पाण्याने धुऊन कोरडा करावा.

पितळेची आणखी एक खूण लक्षात ठेवा. पितळ हे तांबे आणि जस्त यांचे मिश्रण आहे. काही ठिकाणचे पाणी पितळेतले जस्त हळूहळू काढून घेते आणि मागे तांब्याचा सच्छिद्र भाग उरतो. मग पिवळे पितळ आतून लालसर दिसू लागते. असा जोड दिसायला जागेवर असतो, पण त्यात बळ उरलेले नसते. तुटलेला नळ लालसर दिसला, तर पाना पिळणाऱ्याला दोष देण्याआधी पाण्याचा विचार करावा.

समुद्राच्या तळाशी मिळालेले उत्तर

कारण न शोधता यंत्र पुन्हा सुरू केले, तर काय होते? पुढील घटना वाचा.

१९५२ साली ब्रिटनचे ‘कॉमेट’ हे विमान प्रवाशांना घेऊन उडू लागले. प्रवाशांची नियमित ने-आण करणारे हे जगातले पहिले जेट विमान होते. १० जानेवारी १९५४ रोजी रोमहून लंडनला निघालेले एक कॉमेट विमान एल्बा बेटाजवळ समुद्रात कोसळले. त्यातली सर्व ३५ माणसे मरण पावली. विमानांचे उड्डाण थांबवण्यात आले. कारण सापडले नाही. तरीही ज्या ज्या भागांबद्दल शंका वाटली, त्या भागांत सुधारणा करण्यात आल्या आणि २३ मार्चला विमाने पुन्हा उडू लागली. पुरते तीन आठवडेही झाले नाहीत. ८ एप्रिलला दुसरे कॉमेट विमान नेपल्सजवळ समुद्रात पडले. आणखी २१ माणसे गेली.

आता मात्र खरा तपास सुरू झाला. पहिल्या विमानाचे तुकडे समुद्राच्या तळातून वर काढण्यात आले. इंग्लंडमधील फार्नबरो येथे ते तुकडे लाकडी सांगाड्यावर जागच्या जागी लावण्यात आले. आर्नल्ड हॉल हे या तपासाचे प्रमुख होते. त्याच वेळी दुसरे एक कॉमेट विमान पाण्याच्या मोठ्या टाकीत ठेवण्यात आले. उंचावर उडताना विमानाच्या आत हवेचा दाब वाढवावा लागतो आणि उतरताना तो कमी होतो. टाकीत पाण्याच्या साहाय्याने हा दाब पुन्हा पुन्हा वाढवला आणि कमी केला. हवेऐवजी पाणी का घेतले? दाबलेली हवा भरलेले विमान फुटले असते, तर बाँबसारखा स्फोट झाला असता. पाण्याने तसे होत नाही.

आधीची खरी उड्डाणे आणि टाकीतले प्रयोग मिळून सुमारे तीन हजार उड्डाणांइतका दाब त्या विमानाने सोसला. मग त्याचा पत्रा फाटला. तो एका खिडकीच्या कोपऱ्यापासून फाटला होता. समुद्रातून काढलेल्या तुकड्यांतही भेग सुरू झाली होती ती छतावरील खिडकीच्या कोपऱ्याजवळ. तेच ते कापड, तीच ती चीर! पुढे विमानाच्या रचनेत बदल झाले. १९५८ साली नव्या रचनेचे कॉमेट प्रवाशांना घेऊन अटलांटिक महासागर ओलांडून गेले. या तपासातून मिळालेले ज्ञान इतर देशांच्या विमानांनाही उपयोगी पडले.

जानेवारीतच खरे कारण कळले असते, तर एप्रिलमधली २१ माणसे वाचली असती. कारण न शोधता केलेली दुरुस्ती म्हणजे दुरुस्ती नव्हे. तो फक्त पुढच्या अपघाताचा मुहूर्त लांबवणे होय.

तपास कसा करावा?

आपल्या घरातला तपास साधा असतो. पण त्याचेही काही नियम आहेत.

१. तुटलेला पुर्जा फेकू नका. त्याचे सगळे तुकडे एका कागदात गुंडाळून ठेवा.

२. तुटलेले तोंड घासू नका, पुसू नका. दोन तुकडे एकमेकांना जोडून पाहण्याचा मोह आवरा. जोडताना तोंडे घासतात आणि खुणा नाहीशा होतात.

३. पुर्जा काढण्यापूर्वी तो कसा बसवला होता, याचे चित्र वहीत काढा.

४. भेग कोठे सुरू झाली ते शोधा. खाच, भोक, धारदार कोपरा, आटे या जागा आधी पाहा. हातभिंग असेल, तर फारच छान.

५. रंग पाहा. गंज, काळपटपणा, लालसर पितळ, पांढरा थर यांची नोंद करा.

६. विचारपूस करा. पुर्जा कधी बसवला? किती आवळला? आधी कधी तुटला होता? आधी आवाज येत होता का? नळ एकदम बंद केल्यावर नळीतून ‘धाड’ असा आवाज येत असेल, तर वाहते पाणी एकाएकी अडून नळीला धक्का देत असते. तेही एक कारण असू शकते.

७. एकाच कारणावर थांबू नका. तबेल्यात तीन कारणे एकत्र आली होती, हे विसरू नका.

तुमच्या मोहल्ल्यातल्या अनुभवी मिस्त्रींना हे सगळे ठाऊक असते. त्यांच्याकडे आदराने जा आणि विचारा, “चाचा, हा पुर्जा का तुटला असेल?” ते तो उजेडात धरून फिरवतील, बोट फिरवून पाहतील आणि उत्तर देतील. त्या उत्तरामागे कित्येक वर्षांचे पाहणे असते. मात्र एक काळजी घ्या. विजेची उपकरणे, गॅसची शेगडी आणि चालू यंत्रे यांना मोठ्या माणसांशिवाय कधीही हात लावू नका.

मित्रांनो, तुटलेली वस्तू निरुपयोगी वाटते. परंतु फेकण्यापूर्वी तिला शेवटचे एक काम करू द्या. तिला तुमच्या प्रश्नाचे उत्तर देऊ द्या. त्या उत्तराने कधी घरातले पाणी वाचेल, कधी पैसे वाचतील, कधी एखाद्यावरचा खोटा आळ दूर होईल आणि कधी माणसांचे प्राणही वाचतील.

शब्दार्थ

पुर्जा – यंत्राचा भाग. आटे – नटाच्या किंवा स्क्रूच्या गोल खाचा. पाना – नट फिरवण्याचे हत्यार. वायसर – नळातील रबरी चकती. ठिसूळ – पटकन मोडणारा. बीड – ओतीव लोखंड. निमुळते – टोकाकडे बारीक होत गेलेले. आस – चाकांचा दांडा. तबेला – घोडे बांधण्याची जागा. सच्छिद्र – बारीक छिद्रे असलेला. उलगडा करणे – कोडे सोडवणे.

वाक्प्रचार

बोल लावणे – दोष देणे. आळ येणे – खोटा आरोप होणे. किंमत मोजावी लागणे – नुकसान सोसावे लागणे. मोह आवरणे – इच्छेवर ताबा ठेवणे.

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) नटातील तडा कोठे पडला होता?
(आ) पिळून मोडलेल्या खडूची जागा कशी दिसते?
(इ) आसाच्या कोपऱ्याला काय द्यावे, असे रँकिनने सुचवले?
(ई) कॉमेट विमानाची चाचणी घेताना हवेऐवजी पाणी का वापरले?

प्र. २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) धातूचा थकवा म्हणजे काय?
(आ) काडतुसांना तडे जाण्याची तीन कारणे कोणती?
(इ) सायकल चालवणाऱ्या बहिणीची चूक नव्हती, हे कशावरून कळले?

प्र. ३. कारणे द्या.
(अ) तुटलेले तुकडे एकमेकांना जोडून पाहू नयेत.
(आ) प्लॅस्टिकचा नट फार आवळू नये.

प्र. ४. योग्य जोड्या लावा.
‘अ’ गट : १. रँकिन २. व्होलर ३. मूर, बेकिनसेल, मॅलिन्सन ४. आर्नल्ड हॉल
‘ब’ गट : (क) कॉमेटचा तपास (ख) रेल्वेचे मोडलेले आस (ग) पितळेचे तडे (घ) आसांवरील प्रयोग

भाषाभ्यास

(अ) पुढील शब्द मराठीत आणि उर्दूतही वापरतात. प्रत्येक शब्द मराठी वाक्यात वापरा.
पुर्जा, दुरुस्ती, कारखाना, दुकानदार, जोर, बाजार

(आ) ‘तुटणे’ आणि ‘तोडणे’ यांतील फरक पाहा.
नट तुटला. (आपोआप घडले.) त्याने नट तोडला. (कोणीतरी केले.)
याप्रमाणे ‘मोडणे – मोडणे’, ‘फाटणे – फाडणे’, ‘फुटणे – फोडणे’ यांची वाक्ये तयार करा. यांपैकी कोणत्या जोडीत दोन्ही रूपे सारखीच आहेत?

उपक्रम

तुमच्या घरातील किंवा मोहल्ल्यातील एक तुटलेला पुर्जा मिळवा. त्याचे चित्र काढा. तो का तुटला असेल, याविषयी पाच वाक्ये लिहा. मग ती मिस्त्रींना वाचून दाखवा आणि त्यांचे मत शेजारी लिहा.